मतदान केंद्रावरचे शेवटचे चार तास

संध्याकाळी सहा वाजले की केंद्राध्यक्ष बाहेर येतात आणि रांगेच्या तोंडाशी न थांबता थेट शेवटच्या माणसापाशी जातात. हातात स्वतःची सही केलेल्या, क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या असतात. एक नंबरची चिठ्ठी त्या शेवटच्या माणसाला, दोन नंबरची त्याच्या पुढच्याला, असं करत करत दाराकडे यायचं. दारापासून वाटत गेलं तर वाटून होईपर्यंत मागे आणखी दहा-वीस जण येऊन उभे राहतात आणि मग कोण सहाच्या आत आलं, कोण नंतर, यावर वाद पेटतो. शेपटापासून सुरुवात केली की शेपूट तिथेच बंद होतं. चिठ्ठी हातात असलेल्या प्रत्येकाचं मत होईपर्यंत मतदान चालू राहतं, मग घड्याळात आठ वाजोत की नऊ.

हे काम करणारा माणूस त्या दिवशी पहाटे चारच्या सुमाराला उठलेला असतो. झोप कसली, शाळेच्या बाकांवर किंवा सतरंजीवर टाकलेली पाठ. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी आठला तो साहित्य वाटपाच्या मंडपात हजर झालेला असतो. म्हणजे सहाच्या ठोक्याला ड्युटीचे चौतीस तास झालेले असतात. आणि कायद्याच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक काम इथून पुढे सुरू होतं.

माझं म्हणणं सरळ आहे. मतदान केंद्रावरचं सर्वांत जोखमीचं काम आपण सर्वांत थकलेल्या माणसाकडून करून घेतो. हे टाळता येण्यासारखं आहे, त्यासाठी नवा कायदा लागत नाही. वाटप केंद्रावर दिवसभर बसून असलेले राखीव कर्मचारी दुपारी चार वाजता केंद्रांवर पाठवावेत, एका केंद्राला एक. हा माणूस नेमका का हवा, हे कळण्यासाठी केंद्रावरचा दिवस जवळून पाहावा लागतो.

वाटपाच्या टेबलावर घाई नडते. कंट्रोल युनिट (मतं साठवणारं), बॅलट युनिट (मतदार बटण दाबतो ते) आणि व्हीव्हीपॅट (मताची छापील चिठ्ठी दाखवणारं) यांचे क्रमांक आपल्या केंद्राच्या यादीशी ताडून घ्यायचे. मतदार यादीची चिन्हांकित प्रत भाग क्रमांकासह पान-पान उलटून बघायची, पुरवणी जोडलेली आहे ना ते पाहायचं. हे पान कमी आहे असं दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कळलं तर समोर रांग उभी असते आणि क्षेत्रीय अधिकारी दहा केंद्रांच्या फेरीवर असतो. हिरवे पेपर सील, गुलाबी पेपर सील, स्पेशल टॅग, स्ट्रिप सील, पत्ता लिहायचे टॅग, काळं पाकीट, शाईच्या बाटल्या, धातूची मोहोर, लाख, मेणबत्ती, दोरा अशा डझनावारी बारीकसारीक वस्तू असतात. मुरलेले केंद्राध्यक्ष रात्रीच पाकिटांवर मतदारसंघ, केंद्र क्रमांक आणि तारीख लिहून ठेवतात, टॅग भरून ठेवतात, दैनंदिनीतले यंत्रांच्या आणि सीलच्या क्रमांकांचे रकाने पुरे करतात. नवख्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. तो रात्री नुसता काळजी करत बसतो आणि लिहायला बसतो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

यंत्र मांडताना खिडकी बघावी लागते. व्हीव्हीपॅटवर थेट ऊन किंवा डोक्यावरच्या बल्बचा झोत पडता कामा नये, कारण आतला सेन्सर प्रखर उजेडाने चुकतो. मे २०१८ मध्ये भंडारा-गोंदिया लोकसभेच्या पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट इतक्या ठिकाणी बिघडले की ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. भर उन्हाळा, प्रखर उजेड आणि हवामानाने बिघडणारा कागद, अशी ती कारणं होती. शाळेच्या वर्गात टेबल कुठे ठेवायचं ही किरकोळ बाब नाही, हे तेव्हा कळलं. मागच्या बाजूचा पेपर रोलचा खटका आडवा असला की यंत्र प्रवासाच्या अवस्थेत असतं, उभा केला की कामाच्या. तो उभा करायचा राहिला आणि बटण चालू केलं की पहाटे साडेपाचलाच यंत्र चूक दाखवतं.

मतदान सातला सुरू होणार असेल तर साडेपाचला अभिरूप मतदान, म्हणजे मॉक पोल. किमान ५० मतं, प्रत्येक उमेदवाराला आणि नोटाला निदान एक. मग तीन बटणं, ठरलेल्या क्रमाने: क्लोज (मतदान बंद), रिझल्ट (निकाल), क्लिअर (मतं पुसणं). उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर यंत्राचा निकाल आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या जुळवायच्या. चिठ्ठ्या पेटीतून बाहेर काढायच्या, प्रत्येकीच्या पाठीवर मॉक पोलचा शिक्का मारायचा, काळ्या पाकिटात घालून सील करायचं, ते पाकीट प्लास्टिकच्या डबीत आणि डबीला गुलाबी पेपर सील. रिकामी पेटी प्रतिनिधींना दाखवायची. मग कंट्रोल युनिटला हिरवं पेपर सील, स्पेशल टॅग आणि शेवटी स्ट्रिप सील. हे सगळं सातच्या आत.

इथली ठरलेली चूक म्हणजे क्लिअर राहून जाणं किंवा मॉकच्या चिठ्ठ्या पेटीतच राहणं. दारात माणसं जमलेली, एखादा प्रतिनिधी साडेसहाला आलेला, मोबाइलवर ‘मॉक पोल झाला का’ असे फोन. क्लिअर न करता मतदान सुरू झालं तर यंत्रात खऱ्या मतांवर पन्नास मॉकची मतं बसलेली असतात. मतमोजणीत असं यंत्र बाजूला ठेवतात. विजयाचं अंतर अशा केंद्रांवरच्या एकूण मतांपेक्षा जास्त असेल तर प्रश्न येत नाही, नसेल तर व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजाव्या लागतात. एका माणसाने एक बटण दाबायचं राहिलं म्हणून अख्ख्या मतदारसंघाचा निकाल तासन्‌तास अडकू शकतो.

दिवसाचं मधलं काम त्या मानाने एका लयीत चालतं. पहिला मतदान अधिकारी यादीत नाव शोधून क्रमांक आणि नाव मोठ्याने वाचतो. मोठ्याने, कारण प्रतिनिधींना आक्षेप घ्यायचा तर तेवढीच संधी असते. लाल शाईने ओळीला खूण करतो, स्त्री मतदार असेल तर वेगळी टिकमार्क करतो. दुसरा १७-ए नोंदवहीत, म्हणजे मत द्यायला आलेल्यांच्या वहीत, अनुक्रमांक, यादी क्रमांक, ओळखपत्राचा तपशील लिहून सही किंवा अंगठा घेतो, डाव्या तर्जनीवर नखापासून पहिल्या पेरापर्यंत शाईची रेघ ओढतो, मतदार चिठ्ठी देतो. तिसरा चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटवरचं बॅलट बटण दाबतो. व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, कापली जाते, बीप होतो, पुढचा माणूस.

वेळेचा हिशोब करून पाहा. केंद्रावर १२०० मतदार, मतदान ६५ टक्के, म्हणजे ७८० माणसं. सकाळी सात ते संध्याकाळी सहा म्हणजे ६६० मिनिटं. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ५१ सेकंद येतात. निवडणूक आयोगाने एका केंद्राची मतदारांची मर्यादा १५०० वरून १२०० वर आणली, ते योग्यच झालं. १५०० ला हाच हिशोब ४१ सेकंदांवर येत होता. पण माणसं सारख्या वेगाने येत नाहीत. सकाळी रांग, दुपारी उन्हात शुकशुकाट, पुन्हा चारनंतर गर्दी. गावात शेतावरून परतलेली माणसं, शहरात दिवसभर घरात थांबलेली. सहाला दारात दीडशे जण उभे असतील तर ४५ सेकंदांच्या हिशोबाने पुढे जवळजवळ दोन तास मतदान चालतं.

त्या दोन तासांत चुका वाढतात, आणि त्या दिसायला अगदी क्षुल्लक असतात. १७-ए मध्ये एक अनुक्रमांक सुटतो. एकाची सही घेतली, शाई लावली, आणि तो गर्दीला कंटाळून मत न देताच निघून गेला; त्याच्या ओळीसमोर शेरा लिहायचा राहतो. कुणी चिठ्ठीत दुसरंच चिन्ह दिसलं म्हणून तक्रार करतो; मग लेखी घोषणापत्र, खोटं ठरल्यास शिक्षा होते याची समज, सर्वांसमोर चाचणी मत आणि त्याची स्वतंत्र नोंद, कारण ते मत पुढे वजा करायचं असतं. कुणाचं मत आधीच दुसऱ्याने देऊन टाकलेलं निघतं. त्याला प्रदत्त मताची छापील मतपत्रिका द्यायची, ते मत यंत्रात जात नाही, त्याची यादी वेगळी. सकाळी दहाला यातलं काहीही झालं तर पुस्तिका उघडून शांतपणे निभावता येतं. रात्री साडेसातला तीच पुस्तिका वाचताना ओळी एकमेकींत मिसळतात.

एक प्रसंग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. शेवटच्या मतदारासाठी बॅलट बटण दाबलं आणि तो बटण न दाबताच कक्षाबाहेर आला. दिवसा असं झालं तर पुढच्या मतदाराला थेट आत सोडतात, हिशोब पुढे सरकतो. शेवटचाच मतदार असेल तर पुढे कुणीच नसतं. कंट्रोल युनिटवरचा लाल ‘बिझी’ दिवा जळत राहतो. क्लोज बटण दाबलं तरी यंत्र दाद देत नाही. यंत्र बिघडलं असं वाटून धावपळ सुरू होते, प्रतिनिधी आवाज चढवतात, फोन लागत नाही. उपाय एका मिनिटाचा आहे: कंट्रोल युनिट बंद करायचं, व्हीव्हीपॅटची जोडणी काढायची आणि युनिट पुन्हा चालू करायचं. दिवा विझतो, क्लोज चालतं. हे पुस्तिकेत लिहिलेलं आहे. प्रशिक्षणात ते शेवटच्या दहा मिनिटांत येतं, तेव्हा निम्मं सभागृह उपस्थितीच्या सहीसाठी उभं राहिलेलं असतं.

क्लोज दाबल्यावर वेळ आणि एकूण मतं लिहायची. यंत्र बंद, मग जोडण्या काढायच्या. व्हीव्हीपॅटची बॅटरी काढायची, खटका पुन्हा आडवा. तिन्ही यंत्रं आपापल्या पेट्यांत, पत्त्याचे टॅग, दोरा, लाख, मोहोर, प्रतिनिधींच्या सह्या. मग कागद. १७-ए नोंदवही, चिन्हांकित प्रत, प्रदत्त मतांची यादी, आक्षेपित मतांची यादी, अंध व दिव्यांग मतदारांची यादी आणि त्यांच्या सोबत्यांची घोषणापत्रं, मतदार चिठ्ठ्या, केंद्राध्यक्षाची घोषणापत्रं, दैनंदिनी, निरीक्षकांसाठीचा अहवाल. काही सांविधिक (कायद्याने ठरवून दिलेल्या कागदांच्या) पाकिटात, काही असांविधिक, काही सीलबंद, काही उघडी. आणि १७-सी (मतांच्या हिशोबाचा नमुना) आणि दैनंदिनीसारख्या गोष्टी कुठल्याच मोठ्या पाकिटात घालायच्या नसतात, त्या स्वीकृतीच्या टेबलावर हातात द्यायच्या असतात. थकलेला माणूस हमखास काय करतो, तर सगळं एकाच पिशवीत भरून सील करून टाकतो. मग रात्री बाराला टेबलावर १७-सी मागितली की सील फोडायचं, नव्याने करायचं.

या कागदांत १७-सीचं वजन वेगळं आहे. नोंदवलेल्या मतांचा हिशोब म्हणजे हाच नमुना: केंद्राचे एकूण मतदार, १७-ए प्रमाणे आलेले, सही करून मत न दिलेले, नियमभंगामुळे मत देऊ न दिलेले, चाचणी मतं, यंत्राने दाखवलेली एकूण मतं, आणि हे सगळं एकमेकांशी जुळतं की नाही. हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला याची खरी प्रत देऊन पोच घ्यायची, त्याने मागण्याची वाट बघायची नाही. सात प्रतिनिधी असतील तर यंत्रांच्या आणि सीलच्या लांबलचक क्रमांकांसह हाताने सात वेळा भरायचा. चौथ्या-पाचव्या प्रतीत एखादा आकडा उलटसुलट होतो. केंद्राध्यक्षाच्या हातून ती साधी लेखनिकी चूक असते. सहा महिन्यांनी न्यायालयात किंवा समाजमाध्यमांवर तीच प्रत दिसते तेव्हा तिला साधी चूक कुणी म्हणत नाही.

२० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानानंतर महाराष्ट्राने हे अनुभवलं आहे. संध्याकाळी पाचचा आकडा ५८.२२ टक्के, अंतिम ६६.०५ टक्के, आणि मधल्या पावणेआठ टक्क्यांवर महिनोन्‌महिने वाद. राज्यात मतदार साधारण ९ कोटी ७० लाख आणि केंद्रं लाखभर. त्या फरकाची वाटणी केली तर एका केंद्राला पाचनंतरची सुमारे ७६ मतं येतात. संध्याकाळची रांग पाहिलेल्या माणसाला हा आकडा अशक्य वाटत नाही. दिवसभराचे आकडे तर केंद्रावरून दर दोन तासांनी फोनवर किंवा अ‍ॅपवर दिलेले, गर्दीच्या वेळी उशिरा पोचणारे असतात. पण सरासरीने कुणाची शंका मिटावी अशी अपेक्षा करणं चूक आहे. शंका मिटते ती त्या-त्या केंद्राच्या १७-सीने, आणि शंका घेणाऱ्याला ती प्रत ताडून पाहता आली पाहिजे. ज्या कागदावर एवढी मदार आहे, तो स्वच्छ डोक्याने आणि न थरथरत्या हाताने लिहिला जावा, एवढी तरी व्यवस्था आपण करायला नको का?

म्हणून राखीव माणूस. बिघडलेल्या यंत्रासाठी राखीव यंत्र असतं तसे आजारी पडलेल्या, न आलेल्या कर्मचाऱ्यांसाठी राखीव कर्मचारी असतात. त्यांचं प्रशिक्षण झालेलं असतं, नियुक्ती आदेश हातात असतो, सकाळी मतदान सुरळीत सुरू झालं की यातल्या बहुतेकांना काम उरत नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ चं कलम २६ जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याला प्रत्येक केंद्रावर आवश्यक वाटतील तितके मतदान अधिकारी नेमण्याची मुभा देतं. तीनच नेमा असं कायदा कुठेच म्हणत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो जबाबदारीचा. केंद्र एकाच्या ताब्यात हवं, सह्या एकाच्या हव्यात. हे बरोबर आहे, आणि ते बदलायचं कारण नाही. नवा माणूस केंद्राध्यक्षाची जागा घेणार नाही. तो चारला येईल, पहिल्या तासात १७-ए चे अनुक्रमांक तपासेल, यंत्राच्या ‘टोटल’ बटणाने दिसणारा एकूण आकडा आणि नोंदवहीतला आकडा जुळवेल, राहिलेले शेरे दाखवून देईल. पाचपासून पाकिटं, टॅग आणि १७-सीच्या प्रतींचे यंत्र क्रमांक भरायला बसेल. रांग संपेल तेव्हा केंद्राध्यक्षाला फक्त मतांचे आकडे घालायचे, तपासायचे आणि सही करायची.

दुसरा आक्षेप गोपनीयतेचा: कोण कुठे जाणार हे आधी कळू नये म्हणून सरमिसळ करतात, ऐन वेळी माणूस पाठवला तर ती मोडते. मग राखीवांचीही सरमिसळ त्याच संगणकावर, त्याच दिवशी दुपारी करता येईल. तिसरा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करायला हवा: राखीव एवढे नाहीत. प्रत्येक केंद्राला एक माणूस पुरणार नाही, त्यात १२०० च्या मर्यादेमुळे केंद्रं वाढून मनुष्यबळ आणखी ताणलं जाणार. अशा वेळी क्रम लावावा. ज्या केंद्रांवर दुपारी तीनच्या आकड्यांवरून संध्याकाळी रांग राहणार हे दिसतं तिथे आधी, पहिल्यांदाच केंद्राध्यक्ष झालेल्यांकडे त्यानंतर. तीनचा आकडा तसाही दर वेळी घेतलाच जातो.

शिक्षकांवर आणखी भार येईल, ही तक्रार मी हलकी मानत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं शिक्षकांना देण्याची मुभा ठेवली आहे, आणि प्रत्यक्षात मतदार यादी सांभाळणारा केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून ते काम वर्षभर सुरू असतं. त्याचं वार्षिक मानधन २०२५ मध्ये ६ हजारांचं १२ हजार झालं, केंद्राध्यक्षाचं दिवसाचं ३५० वरून ५००. वाढ आवश्यकच होती. पण पैशांपेक्षा झोप आणि सावली यांची टंचाई मोठी आहे. १ जून २०२४ ला उत्तर प्रदेशात लोकसभेच्या शेवटच्या टप्प्यात उष्णतेने ३३ निवडणूक कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाल्याचं तिथल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं. विदर्भातल्या एप्रिलमध्ये पत्र्याच्या वर्गखोलीत बसलेल्या पथकाला पंखा, पाणी आणि दुपारची अर्ध्या तासाची आळीपाळीने सुट्टी हे हक्काने मिळायला हवं.

प्रशिक्षणातही एक बदल लगेच होऊ शकतो. पडद्यावर सरकणाऱ्या चित्रांचा वेळ निम्मा करून प्रत्येक केंद्राध्यक्षाने स्वतःच्या हाताने एक पूर्ण आवर्तन करावं: जोडणी, पाच मतं, क्लोज-रिझल्ट-क्लिअर, हिरवं सील, स्ट्रिप सील, ‘बिझी’ दिवा विझवणं, १७-सी भरणं. बटणं दाबून बघायला मिळतात, पण सील लावायची सवय जवळजवळ कुणालाच नसते, आणि स्ट्रिप सीलचा गोंद एकदा चुकीच्या जागी चिकटला की ते पुन्हा लावता येत नाही. जुन्या निवडणुकांचे उरलेले, रद्द शिक्का मारलेले नमुने सरावाला दिले तरी भागेल.

राहता राहिली गाडी. एका एसटीत एका मार्गावरची पाच-सहा केंद्रं असतात. साडेसहाला आवरलेलं पथक यंत्रं मांडीवर घेऊन नऊला आवरणाऱ्या पथकाची वाट बघतं, मग सगळे मिळून स्वीकृती केंद्राच्या रांगेत. तिथे एक कागद कमी निघाला की बाजूला बसा. सुटका मध्यरात्रीनंतर, कधी दोनला. मुंबईत शेवटची लोकल गेलेली असते, तालुक्याच्या गावी तर सकाळपर्यंत काहीच नसतं. आता पथकांत निम्म्याहून अधिक स्त्रिया असलेली केंद्रंही असतात. दुसऱ्या दिवशी सुट्टी की हजेरी, हे जिल्ह्याजिल्ह्यावर अवलंबून. नियुक्ती आदेशावर हजर राहायची वेळ, ठिकाण आणि गैरहजर राहिल्यास होणारी कारवाई ठळक छापलेली असते. त्याच कागदावर सुटायची वेळ, घरी पोचवणाऱ्या गाडीचा मार्ग आणि दुसऱ्या दिवसाची रजाही छापली जावी.